मुंबईत क्वीअर नाइट आउट ठरवताय? या चुका टाळा

नेटवर ‘गे क्लब मुंबई’ शोधायचं, पहिला पत्ता उचलायचा आणि टॅक्सी करायची, ही सगळ्यात मोठी चूक. मीही ती केली होती. शनिवारी रात्री कुलाब्यात एका बंद शटरसमोर उभा राहिलो. कुलाब्यातल्या व्हूडूची शनिवारची रात्र एके काळी प्रसिद्ध होती. तो बार कधीच बंद झाला, नाव मात्र जुन्या याद्यांमधून हललेलं नाही. मुंबईत आपल्या, म्हणजे गे, ट्रान्स आणि इतर क्वीअर लोकांच्या पार्ट्यांना सहसा कायमचा पत्ता नसतो, तारीख असते. १९९८ पासूनच्या गे बॉम्बेसारखे गट एखादा क्लब एका रात्रीपुरता घेतात. पुढच्या आठवड्यात तिथे वेगळीच गर्दी असते. म्हणून आयोजकांचं इन्स्टाग्राम त्याच दिवशी दुपारी पुन्हा बघा.

ओळखपत्र विसरू नका. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१ लागतं, कडक दारूसाठी २५. ट्रान्स मित्रमैत्रिणींना कार्डावरचं नाव किंवा फोटो जुळत नाही म्हणून दारात अडवलं जातं, आणि ते फार लागतं. आयोजकांना आधीच मेसेज करून दारावर कोण असेल ते विचारून ठेवा. घरून साध्या कपड्यांत निघून तिथे तयार होणार असाल, तर बदलायला आणि बॅग ठेवायला जागा आहे का, तेही विचारा.

आत गेल्यावर दुसऱ्यांचे फोटो काढू नका. तुमच्या स्टोरीत मागे नाचणाऱ्याच्या घरी कदाचित काहीच माहीत नसेल.

डेटिंग ॲपवर त्याच संध्याकाळी भेटलेला कुणी ‘क्लब सोड, माझ्या रूमवर ये’ म्हणाला, तर जाऊ नका. पहिली भेट पार्टीतच होऊ द्या. रूमवर आणखी दोघे येतात, व्हिडिओ काढतात आणि ‘घरी सांगू, पोलिसांत देऊ’ म्हणून पैसे मागतात, अशा घटना या शहरात घडल्या आहेत. असं झालंच तर पहिली गोष्ट, तिथून सुखरूप बाहेर पडा. नंतर येणाऱ्या मागण्यांना एक रुपयाही देऊ नका. एकदा दिलं की आकडा वाढतच जातो. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. खंडणी मात्र गुन्हा आहे. ११२ वर फोन करा. पोलिसांकडे एकट्याने जायची भीती वाटत असेल, तर १९९४ पासून क्वीअर लोकांसाठी काम करणाऱ्या हमसफर ट्रस्ट या संस्थेशी बोला. तुमची चूक नाही, हे तिथे समजावून सांगावं लागत नाही.

परतीचं आधीच ठरवा. बरेचसे बार दीडच्या सुमारास बंद होतात, तोवर शेवटची लोकल गेलेली असते आणि पहिली पहाटे चारच्या आसपास. कल्याण-विरारपर्यंत एकट्याने टॅक्सी परवडत नाही. बारा वाजायच्या आतच ओळखीपाळखीत विचारा, ‘ठाण्याकडे कोण कोण?’ चार जण सहज मिळतात.