तपासणीआधी गहू बंद करू नका: किशोरवयीन मुलांच्या पथ्यातील नेहमीच्या चुका

माझ्या मुलीला चौदाव्या वर्षी सिलिअॅक, म्हणजे गहू आणि जवातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याचे अस्तर खराब होण्याचा आजार, असल्याचे निदान झाले आणि त्यानंतर वर्षभरातच लहानपणी गेलेली शेंगदाण्याची ॲलर्जी परत आली. तेव्हापासून ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले पालक मला फोन करतात, आणि बहुतेकांचे पहिले वाक्य एकच असते: "आम्ही महिनाभर पोळी बंद केली, खूपच फरक पडला, आता रक्त तपासून घ्यावे म्हणतो."

तपासणीआधी गहू बंद करणे

यासारखी दुसरी महागडी चूक नाही. सिलिअॅकसाठी रक्तातील टीटीजी-आयजीए नावाची प्रतिपिंडे मोजतात आणि ती पोटात ग्लूटेन जात असेपर्यंतच तयार होत राहतात. गहू बंद केला की ती हळूहळू उतरतात, आतड्याचे अस्तर भरून येऊ लागते आणि दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यातही दोष दिसेनासा होऊ शकतो. आम्ही नेमके हेच केले होते. एका नातेवाईक बाईंच्या सल्ल्याने तीन महिने पोळी बंद ठेवली, मुलीचे पोट शांत झाले, आणि मग केलेली तपासणी साफ आली. डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवून विचारले, "पोळी कधीपासून बंद आहे?" त्यानंतर त्यांच्या देखरेखीखाली सहा आठवडे रोज दोन पोळ्या तिला पुन्हा खाव्या लागल्या. ती डावा हात पोटावर ठेवून जेवायची आणि जेवण झाले की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत फुली मारायची. दुसऱ्या तपासणीत आकडा मर्यादेच्या कित्येक पट निघाला. माझ्या घाईपायी तिने तो दीड महिना सोसला, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून मी प्रत्येकाला एकच सांगते की, निदान पूर्ण होईपर्यंत ताटात काहीही बदल करू नका, आणि त्याच वेळी एकूण आयजीए (टीटीजीची प्रतिपिंडे ज्या प्रकारात मोडतात तो प्रकार) सुद्धा मोजून घ्या, कारण मुळात आयजीए कमी असलेल्या मुलांत टीटीजीचा अहवाल खोटा दिलासा देतो.

शंभर पदार्थांची एकदम चाचणी करून देणारी आयजीजीची, म्हणजे दुसऱ्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांची, पॅकेजे घेऊ नयेत. आयजीजी वाढलेले असणे म्हणजे तो पदार्थ खाण्यात आहे एवढेच, आणि अशा कागदाच्या भरवशावर वाढत्या वयातल्या मुलाचे दूध, अंडी, तूरडाळ काढून घेणे हा मी अन्याय समजते.

गव्हाची ॲलर्जी आणि सिलिअॅक हे दोन वेगळे आजार आहेत. ॲलर्जीत काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत गांध्या उठतात, ओठ सुजतात. काही मुलांना तर गहू खाऊन नंतर धावले किंवा खेळले तरच त्रास होतो, म्हणून काय खाल्ले याबरोबर खाल्ल्यावर काय केले तेही लिहून ठेवावे.

ज्वारी आपली, पण गिरणी सगळ्यांची

महाराष्ट्रातल्या घराला ग्लूटेनचे पथ्य तसे जड नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांत ग्लूटेन नाही आणि भाकरी आपल्याला परकी नाही. तरीही आठ महिने कडक पथ्य पाळूनसुद्धा मुलीचा टीटीजी उतरेना. शेवटी एका दुपारी मी डबा घेऊन गिरणीत उभी राहिले. माझ्या आधी कुणाचे तरी दहा किलो गहू दळून झाले होते. पीठ पडते त्या तोंडाला बांधलेले कापड गव्हाच्या पिठाने पांढरे झाले होते, आणि माझी ज्वारी ओतल्यावर गिरणीवाल्या दादांनी सवयीने ते कापड झटकले ते थेट माझ्याच डब्यात. आपल्याकडे ग्लूटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. त्या एका झटक्यात किती गेले असेल, याचा विचार करत मी घरी आले. पुढच्या महिन्यात आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात आजवर गव्हाचा दाणा पडलेला नाही. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी काही काळ भात, वरई आणि घरच्या मिक्सरवर काढलेल्या पिठावर भागवावे, पण "आधी थोडी ज्वारी टाकून गिरणी साफ होते" या तोडग्यावर विसंबू नये.

बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो, म्हणून डबी उलटी करून घटक वाचावेत. मी खडा हिंग वापरते.

खपली हा गहूच आहे. रवा, शेवया, लापशी आणि सातूचे पीठही चालत नाही, आणि जवापासून होणारे माल्टही नाही.

गेलेली ॲलर्जी कायमची गेली असे समजणे

मुलगी सात वर्षांची असताना डॉक्टरांनी त्यांच्यासमोर दाणे खायला देऊन ॲलर्जी गेल्याचे सांगितले होते, आणि ते नियमित खात राहा असेही बजावले होते. तिला चव आवडत नव्हती, आम्हाला मनातून धाक होता, म्हणून दाणे घरात आलेच नाहीत. शेंगदाण्याची ॲलर्जी परतते ती अशाच, चाचणी पार होऊनही क्वचितच दाणे खाणाऱ्या मुलांमध्ये अधिक. गहू सुटल्यावर बाहेर पडले की तिचा आधार म्हणजे साबुदाणा आणि भगर, आणि आपल्याकडे उपवासाचा पदार्थ दाण्याच्या कुटाशिवाय क्वचितच होतो. मैत्रिणीच्या घरी खिचडीचे चार घास खाल्ल्यावर दहा मिनिटांत तिच्या मानेवर गांध्या उठल्या, उलटी झाली आणि आवाज बसला. त्या घरच्या काकूंनी ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहिली. अशा वेळी गोळी पुरत नाही, ॲड्रेनालिनचे इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला ताबडतोब द्यावे लागते, मुलाला आडवे ठेवावे लागते आणि रुग्णालय गाठावे लागते. सुदैवाने ते जवळ होते.

दूध पचेनासे झाले म्हणजे दुधाची ॲलर्जी परतली असे लगेच ठरवू नये, कारण सिलिअॅकमध्ये आतड्याच्या अस्तराबरोबर दुधातली साखर पचवण्याची ताकदही तात्पुरती जाते आणि पथ्याने बहुधा परत येते.

मुलाला वगळून पथ्य चालवणे

पंधरा-सोळा वर्षांची मुले त्रास लपवतात, कारण चारचौघांत डबा वेगळा काढणे त्यांना नकोसे वाटते. मी वर्षभर तिच्या वतीने सगळीकडे सूचना देत राहिले आणि ती गुपचूप वडापाव खात राहिली. आता तिचा अहवाल आधी तीच वाचते, दुकानात घटक तीच पाहते, आणि सहलीला जाताना दोन मैत्रिणींना बॅगेचा कप्पा उघडून इंजेक्शन कुठे आहे आणि कसे द्यायचे ते स्वतः दाखवते.