कुत्र्याला अंथरूण घ्यायचंय? आधी टेप काढा

दुकानात जाण्याआधी शिवणाची टेप हाताशी ठेवा आणि कुत्रा गाढ झोपेपर्यंत थांबा. उभ्या कुत्र्याच्या मापाचा उपयोग नाही. तो कुशीवर पाय ताणून पडला की नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी घ्या, पाठीपासून पंजांच्या टोकापर्यंत रुंदी घ्या आणि दोन्हींत १५ ते २० सेंमी मिळवा. मुटकुळं करून झोपणाऱ्याला उंच काठाचं गोल अंथरूण आवडतं, ऐसपैस पसरणाऱ्याला सपाट गादीच हवी. पिल्लासाठी मात्र महागाचं काही घेऊ नका, जुनी चादर घडी करून द्या. ते कुरतडणारच, आणि फोमचा तुकडा पोटात गेला तर आतड्यात अडकू शकतो.

मग जाडी. गादीवर मूठ ठेवून अंगाचा भार टाका. खाली फरशी लागली तर ती गादी घेऊच नका. लॅब्रॅडॉरसारखं ३० किलोचं कुत्रं रोज टणक जमिनीवर बसलं की कोपरांचे केस झडतात, कातडी राठ होते, कधी तिथे पाणी धरून गाठ येते. सांधे धरलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला मेमरी फोम द्या आणि पुढचा काठ बुटका बघा, म्हणजे पाय उचलायला त्रास होत नाही. पैसे सैल सोडायचे तर इथेच सोडा.

आपल्या ग्वाल्हेरात एका अंथरुणावर वर्ष निघत नाही, हे मी ठामपणे सांगेन. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, फोम तापतो आणि कुत्रं गादी सोडून मोरीपाशी जाऊन पडतं. तेव्हा नवारीची बुटकी खाट द्या, जमिनीपासून वीतभर उंच. खालून हवा खेळते. नवार मात्र घट्ट ताणलेली हवी, झोळ पडला की पाठीला त्रास. जानेवारीत पारा ५ अंशांवर येतो, धुकं दुपारपर्यंत हटत नाही, लष्कर भागातल्या जुन्या घरांची दगडी फरशी बर्फासारखी गार पडते. तेव्हा कापसाची जाड गादी आणि वर जुनी रजई. पहाटे तो नाक शेपटीत खुपसून आक्रसलेला दिसला तर आणखी एक घडी टाका. कापूस भिजला की लवकर वाळत नाही, म्हणून खोळीच्या आत रेक्झिन घाला.

जागा माणसांच्या वावरातली, पण दाराच्या झोताबाहेरची.

खोळ चेनची आणि फिक्या रंगाची घ्या, म्हणजे गोचीड लगेच दिसते. पोट भरलेली मादी अंगावरून उतरून फटीत हजारो अंडी घालते, म्हणून खोळीच्या शिवणीच नव्हे, शेजारच्या भिंतीच्या भेगाही बघा. दर आठवड्याला खोळ ६० अंशांच्या पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. नव्या अंथरुणावर पहिले काही दिवस त्याची जुनी, न धुतलेली चादर पसरा, ओळखीच्या वासाने तो लवकर रुळतो. आणि दुकानदाराकडे सुटी खोळ मिळत असेल तर दोन घ्या, एक वाळेपर्यंत दुसरी चढवायला.