बॉडी प्रोटेक्टर घातलाय, पण कसा? या चुका टाळा

घोडेस्वारी शिकायला आलेला माणूस पहिल्याच दिवशी विचारतो, "दौड कधी?" अंगावरचा बॉडी प्रोटेक्टर, म्हणजे पडल्यावर छाती-पाठ वाचवणारं फोमचं जाकीट, नीट बसलाय का, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

माझी चूक म्हणजे वाढत्या अंगाचा प्रोटेक्टर घेणं. थंडीत आत स्वेटर घालता येईल, असा हिशेब. एकदा छोट्या अडथळ्यापुढे घोडा ऐनवेळी थबकला आणि मी त्याच्या खांद्यावरून पुढे गेलो. पडता पडता प्रोटेक्टर सरकून कानापर्यंत आला आणि खालच्या बरगड्या उघड्या पडल्या. आपटलो नेमका त्यांच्यावरच. दोन बरगड्यांना तडे गेले. पुढे कितीतरी दिवस शिंक आली की डोळ्यांत पाणी! प्रोटेक्टरवर मात्र ओरखडासुद्धा नव्हता.

तेव्हापासून नवा प्रोटेक्टर घातला की मी आधी दहा मिनिटं नुसता फिरतो. अंगाच्या उबेने फोम मऊ होतो, मग खरं माप कळतं. आधी खांद्याचे वेल्क्रो, नंतर बाजूचे. पुढची खालची कड शेवटच्या बरगडीच्या निदान २५ मिलिमीटर खाली हवी. मागे मानेच्या मुळाशी हाताला लागणारं हाड झाकलं गेलं पाहिजे. मग कुणाला तरी खांद्यांना धरून वर ओढायला सांगतो. वर सरकला, तर सैल. शेवटी खोगिरावर बसून बघतो. मागची कड खोगिराला टेकत असेल तर दुडकीत प्रत्येक उसळीला तो वर ढकलला जातो आणि हेल्मेटला जाऊन भिडतो. दुकानातल्या आरशासमोर यातलं काहीच कळत नाही.

"गुदमरतं" म्हणून वेल्क्रो ढिले करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, स्वतःच घट्ट करतो. पहिले चार दिवस जड जातं, मग सवय होते.

आतलं लेबल वाचा. बेटा (BETA) या ब्रिटिश संघटनेच्या २०१८ च्या सुरक्षा मानकात लेव्हल ३ चं लेबल निळं असतं, आणि उडी मारायची तर तेच घ्या. वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, ओल्या फडक्याने पुसा. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. घडी नको, हँगरला अडकवा.

दुसऱ्याचा जुना प्रोटेक्टर स्वस्तात मिळाला म्हणून खूश होणारे भेटले की माझं डोकं फिरतं. तो किती वेळा आपटलाय, विकणारा थोडाच सांगणार आहे? फोममधला खळगा अर्ध्या तासात भरून आला नाही, तर तिथला फोम गेला. न पडताही तीन ते पाच वर्षांत बदलावा लागतो.

आता एअर व्हेस्टवाले. या फुगणाऱ्या जाकिटाची दोरी खोगिराला अडकवलेली असते. स्वार फेकला गेला की दोरी ताणली जाते, गॅसच्या छोट्या नळकांड्याला भोक पडतं आणि व्हेस्ट फुगतो. तो साध्या प्रोटेक्टरवरून घालायचा, त्याच्याऐवजी नाही. त्यावर चेन लावलेलं घट्ट जॅकेट तर मुळीच नको, फुगायला जागा कुठे उरते? आणि उतरताना आधी दोरी सोडा. आमच्याकडे एक गडी विसरला. फाट् असा आवाज झाला आणि घोडा उधळला. हा मैदानात फुगून उभा, हात खाली येईनात, आणि लगाम घोड्याबरोबर गेलेला. घोडा पकडायला आम्हाला अर्धा तास लागला.