ऑस्ट्रेलियन मूळ झाडं अंगणात का मरतात? या चुका टाळा

मेलबर्न-सिडनीच्या अंगणात बँक्सिया किंवा ग्रेव्हिलिया लावताना बहुतेक जण खड्ड्यात बोनमील आणि कोंबडीखत टाकतात. दोन्हींत स्फुरद (फॉस्फरस) भरपूर, आणि झाड तिथेच धोक्यात येतं.

बँक्सिया, ग्रेव्हिलिया, हेकिया आणि वाराटाह एकाच कुळातली. त्यांच्या मूळच्या जमिनीत, विशेषतः पश्चिम ऑस्ट्रेलियात, स्फुरद फारच कमी. म्हणून ती दाट केसाळ मुळांचे झुबके काढून मिळेल तेवढं स्फुरद ओढून घेतात, आणि पुरेसं झालं तरी यांतल्या बऱ्याच जातींना थांबता येत नाही. मग जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन जळतात. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कारण जादा स्फुरद लोहाच्या आड येतं. इथे ‘उपाशी दिसतंय’ म्हणून आणखी खत घालू नका. खत बंद करून चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातलं लोह) द्या. पानं फार जळली असतील तर झाड सहसा वाचत नाही. नवं रोप जुन्या भाजीच्या वाफ्यापासून आणि खत घातलेल्या लॉनपासून लांब लावा. खत द्यायचंच तर पिशवीवरच्या एन-पी-केमधला ‘पी’, म्हणजे स्फुरद, 1 टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी हवा.

दुसरं कारण साचलेलं पाणी. लावण्याआधी खड्डा पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर खड्डा सोडा, 30 सेंटिमीटर उंच आणि मीटरभर रुंद उंचवटा करून त्यावर लावा. ओल्या मातीत फायटॉप्थोरा ही बुरशीसारखी कीड मुळं कुजवते आणि झाड तहानल्यासारखं कोमेजतं. लोक आणखी पाणी घालतात. आधी बोटभर खोल माती चाचपा. उलट, ‘मूळची झाडं, पाणी कशाला’ हेही चूक: पहिले दोन उन्हाळे खोलवर पाणी हवंच.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या बऱ्याच जाती सिडनीच्या दमट उन्हाळ्यात टिकत नाहीत, तिथे कलमी रोप घ्या. ग्रेव्हिलियाच्या कलमाचा खुंट बहुधा सिल्व्हर ओकचा असतो, आपल्याकडे चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीला लावतात तोच. खुंटातून नेच्यासारख्या पानांचे फुटवे आले की लगेच काढा, नाहीतर वरचं कलम मागे पडून सिल्व्हर ओकच वाढतो.

छाटणी फुलं सरल्यावर. बॉटलब्रश सुकलेल्या तुऱ्याच्या लगेच मागे कापा. ग्रेव्हिलिया एक तृतीयांशपर्यंत, पण हिरवी पानं शिल्लक ठेवून. वॅटल (बाभळीचा ऑस्ट्रेलियन नातलग) तर हलक्या हातानेच: पानं नसलेल्या जुन्या लाकडातून तो क्वचितच फुटतो.

वेलींत हार्डेनबर्जिया छोट्या जाळीला पुरते. केनेडिया रुबिकुंडा मात्र शेजारच्या झुडपांवर चढून त्यांना झाकून टाकते, तिला स्वतंत्र कुंपण द्या. लेमन-सेंटेड गम हा निलगिरीचा नातलग 30 मीटरच्याही वर जातो, घराजवळ नकोच. त्याऐवजी त्याच गटातला कलमी बुटका कोरिम्बिया फिसिफोलिया लावा. आणि कूटामुंड्रा वॅटल त्याच्या मूळ भागाबाहेर रानात पसरून तण होतो, नर्सरीत मिळाला तरी घेऊ नका.