फ्रेजल व्हर्ब वहीत उतरवताना 'इट' घालून लिहा

फ्रेजल व्हर्ब म्हणजे इंग्रजी क्रियापद आणि 'ऑफ', 'अप'सारखा छोटा शब्द यांची जोडी. त्यांच्या लांबलचक याद्या पाठ करून फारसं हाती लागत नाही. त्यापेक्षा प्रत्येक जोडी 'इट' घालूनच लिहा: 'टर्न इट ऑफ', 'पुट इट ऑफ', पण 'लुक आफ्टर इट'. अर्थ माहीत असूनही बोलताना गाडी अडते ती बहुधा कर्म कुठे ठेवायचं यावरच.

नाम असेल तर 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' दोन्ही चालतं. सर्वनाम आलं की ते मधेच बसतं. 'टर्न ऑफ इट' चूक. 'लुक आफ्टर'मधलं 'आफ्टर' मात्र प्रिपोझिशन (नामाच्या आधी येणारा जोडशब्द) आहे, म्हणून कर्म कायम त्याच्यानंतर.

'शी रॅन अप द हिल' आणि 'शी रॅन अप अ बिल' दिसायला जुळी वाक्यं. 'इट' घालून बघा: टेकडी चढली तर 'रॅन अप इट', बिल वाढवून ठेवलं तर 'रॅन इट अप'.

तीन शब्दांच्या जोड्यांत 'इट' बहुतेकदा शेवटीच: 'पुट अप विथ इट', 'लुक फॉरवर्ड टू इट'. इथे 'टू'नंतर 'इट' बसतं, म्हणजे हे 'टू' प्रिपोझिशन, आणि प्रिपोझिशननंतर क्रियापद '-इंग' लावून येतं. म्हणूनच ईमेलमध्ये 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू' लिहायचं, 'टू मीट यू' नाही.