पाच फुटी इंकायाकू: नामशेष पेंग्विनचं कागदी मॉडेल

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पेंग्विन म्हटला की काळा-पांढरा रंग आणि थर्माकोलचा बर्फ ठरलेला. इंकायाकूला हे दोन्ही चालत नाही. सुमारे 3 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा हा पक्षी पेरूच्या पाराकास भागात सापडला. 2010 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. लांबी साधारण दीड मीटर. जीवाश्मात पिसं टिकली होती आणि त्यांतल्या रंगकणांच्या आकारावरून राखाडी व तांबूस तपकिरी छटा ओळखता आल्या.

आधी राणीच्या बागेत एक चक्कर मारा. तिथले हम्बोल्ट पेंग्विनही मूळ पेरू-चिलीच्या किनाऱ्याचेच, पण उंचीला जेमतेम सव्वादोन फूट. त्यांचे पंख नीट पाहा: वल्ह्यासारखे ताठ, कोपरात न दुमडणारे. मॉडेल इथेच सर्वांत जास्त फसतं. पंख कोंबडीसारखे झाले की बाकी मेहनत वाया.

18 मिमी प्लायच्या दोन फूट चौकोनावर दोन सळ्या उभ्या करा. त्यांना तारेची कडी बांधा: पोटाशी 18 इंच व्यासाची, मानेशी 8. वरून कोंबडीजाळी. तार गॅल्वनाइज्डच घ्या. साधी तार मुंबईच्या हवेत गंजते आणि डाग रंगातून वर येतात. चोच लांब, सरळ, टोकदार. भाल्याची आठवण व्हावी अशी.

खळीसाठी अर्धा किलो मैदा आधी थंड पाण्यात कालवा, मगच उकळत्या पाण्यात ओता (पाणी एकूण तीन लिटर), नाहीतर गुठळ्या होतात. पारदर्शक दिसेपर्यंत ढवळा. गार झाल्यावर वाटीभर फेव्हिकॉल घाला. खळीला बुरशी-कीड लागू नये म्हणून काही जण मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे, मुलं काम करणार असतील तर नकोच.

कागदाच्या पट्ट्या हाताने फाडा. कात्रीची कड सरळ राहते आणि रंगाखाली रेघ दिसते, फाटलेली कड खालच्या थरात मिसळून जाते. एका दिवशी तीनच थर, एकूण नऊ. पुढचा थर लावण्याआधी पंजाची मागची बाजू टेकवा. गार लागलं तर आत ओल आहे. ओल कोंडली की आठवड्यात बुरशीचा वास येतो. म्हणून जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये, ऑक्टोबरचं ऊन उत्तम.

शेवटी लगद्याचा पातळ हात द्या आणि तो ओलसर असतानाच जुन्या कंगव्याने वरून खाली ओढा. पेंग्विनची पिसं आखूड, दाट, एकमेकांवर चढलेली असतात. सुटी पिसं चिकटवू नका. पाठीला राखाडी, पोटाकडे तांबूस तपकिरी रंग द्या. पायाशी बर्फाऐवजी वाळू पसरा, कारण तो उबदार समुद्राकाठचा पक्षी होता.

पंख बोल्टने जोडा आणि प्रदर्शनाच्या जागी पोहोचल्यावरच बसवा. टेम्पोत मॉडेल पाठीवर, गादीवर झोपवून न्या. उभं नेलं तर पहिल्याच खड्ड्यात सळ्यांपाशी तडा जातो.