बाइकचे पॅनल घरी कापताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे स्पीड. रोटरी टूल (हातात धरायचं छोटं मशीन, टोकाला कापायची गोल डिस्क लावतात) 35,000 आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) जातं म्हणून लोक डायल शेवटपर्यंत फिरवतात आणि मग एबीएसचं (हे पॅनलचं कडक प्लास्टिक, ब्रेकवालं एबीएस नव्हे) पॅनल कापलं जायच्याऐवजी वितळायला लागतं. एबीएस साधारण 105 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, आणि डिस्कच्या कडेला तेवढी उष्णता बघता बघता तयार होते. मी फोंड्याला घरच्या अंगणात साइड पॅनल कापत होतो तेव्हा डिस्क पुढे सरकत होती आणि मागून वितळलेलं प्लास्टिक परत एकमेकाला चिकटत होतं, कडेला काळी शेव जमलेली, आणि चार इंच कापून बघतो तर अर्धा कट बुजलेला! तर 10 ते 15 हजारावर चालवा, दाबू नका, थोडं कापलं की टूल उचला, थंड होऊ द्या. ती शेव गरम असताना ओढायची नाही, गार झाली की कटरने खरवडली की सहज निघते.

डिस्क सारखी मोडते? मग तुम्ही ती वळणावर फिरवायला बघताय. डिस्क सरळच जाते, वळण हवं तर छोटे छोटे सरळ कट मारा आणि उरलेलं सँडिंग ड्रमने (त्याच टूलला लागणारा पॉलिश पेपरचा छोटा रोल) घासा. मोडलेला तुकडा थेट तोंडावर येतो म्हणून गॉगल पाहिजेच, नंबरचा चष्मा चालत नाही.

मास्किंग टेप लावून रेघ मारा, पण कट रेघेच्या 2-3 मिमी बाहेरून घ्या आणि शेवटचं कानस आणि 120, मग 240 चा पॉलिश पेपर. आतला कोपरा काटकोनात कधीच कापू नका, आपल्या रस्त्यांवर बाइक हादरली की तिथूनच तडा जातो. आधी कोपऱ्यात 5-6 मिमीचं भोक पाडा, कट त्या भोकापर्यंत आणून थांबवा.

तडा गेलाच तर पॅनलच्या आतल्या बाजूला काय छापलंय बघा. एबीएस असेल तर त्याचेच तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून ती पेस्ट भरता येते. पीपी (पॉलिप्रॉपिलीन, हे वेगळं प्लास्टिक) असेल तर ॲसिटोन काहीच करत नाही, उगाच वेळ घालवू नका.

फायबरचं फेअरिंग असेल तर मास्क लावून उघड्यावरच कापा, ती धूळ छातीत जायला नको, अंगालाही भयंकर खाज सुटते.

पत्र्याचा मडगार्ड कापताना ठिणग्या उडतात, म्हणून तो बाइकवरून काढूनच कापा, पेट्रोलच्या टाकीजवळ अजिबात नको. आणि आपल्याकडे गोव्यात, त्यात पावसाळा आणि खारा वारा असताना, उघडी कड उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी घासून प्रायमर मारा, नाहीतर गंज पेंटच्या खालून आत सरकतो. मागचा मडगार्ड किंवा साडीगार्ड छाटायच्या आधी एक बघा, केंद्रीय मोटार वाहन नियम 123 प्रमाणे मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला लागतो, तेवढं माप आधी घ्या आणि मगच रेघ मारा.